पाणवेशीचा घासलेला आकडा

कसबा निरखे हे टेकडीवर वसलेले जुने गाव. नदीकडून दगडी घाट चढून वर आले की जी वेस लागते ती पाणवेस. तिच्या आत, उजव्या हाताला, काळ्या दगडाचा एक खांब उभा आहे आणि खांबात संगमरवरी पाटी बसवली आहे. पाटीवरचे सगळे वाचता येते. वर मुकुट, खाली 'या कसब्यातून महायुद्धात गेलेल्या शूर शिपायांच्या स्मरणार्थ', त्याखाली खांब उभारणाऱ्या रावबहादूर इनामदारांचे नाव, चांगले ठसठशीत. मग शेवटची ओळ. 'त्यांपैकी' एवढे दिसते आणि पुढे काही नाही. आकडा असायला हवा तिथे संगमरवरात एक गुळगुळीत खळगा आहे, तळहात मावेल एवढा. खळग्याच्या पलीकडे अक्षरे पुन्हा सुरू होतात: 'जणांनी प्राण दिले.'

पाहुणे येतात, खळग्यावरून बोट फिरवतात आणि हळहळतात. कोणी म्हणतो, पावसाने झिजला असेल. पाऊस काय आकडा बघून तेवढ्यावरच पडतो? कोणी म्हणतो, गावकऱ्यांना आपल्या इतिहासाची किंमत नाही. हे ऐकले की वेशीत बसलेल्या म्हाताऱ्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाते. आकडा झिजला नाही आणि कोणी फोडलाही नाही, ते म्हणतात. आकडा घासला आहे. घासणारणीचे नाव ठकूबाई कोळीण. आणि मग पाहुण्यांना वेशीच्या ओट्यावर बसवून तिची हकीकत सांगतात, ती अशी.

निरखे टेकडीवर आणि पाणी खाली नदीला. विहिरी खणून पाहिल्या, पण नुसता खडक लागला. म्हणून गावाचे पाणी कोळ्यांच्या खांद्यावर आणि कोळणींच्या डोक्यावर. पहाटेपासून घाटावर कावडी आणि घागरींची रांग लागायची. इनामदारांच्या वाड्यात पाणी भरायची ती ठकूबाई. नवरा लवकर गेलेला, पदरात एकुलता एक हैबती. बाई कामाला वाघ आणि तोंडाला तिखट. घागरीवर डाग राहिलेला तिला खपत नसे. चिंच आणि राख घेऊन बसली की तांब्याच्या घागरीत स्वतःचा चेहरा दिसेपर्यंत घासायची. हैबती तिच्या हाताखाली वाढला. त्याच्या कावडीतले पाणी घाट चढताना कधी हिंदकळले नाही, असे सांगतात.

पुढे जर्मनची लढाई सुरू झाली. सरकारला माणसे हवी होती आणि इनामदारांना हवी होती रावबहादुरी. जो जास्त माणसे देईल त्याच्या गळ्यात ती पडणार, हे सगळ्यांना ठाऊक होते. इनामदारांनी गावात दवंडी पिटवली आणि पाणवेशीतल्या वेसाईच्या देवळात सभा भरवली. तिथे सगळ्यांसमोर त्यांनी बेलभंडारा उचलून शपथ घेतली. "या गावातून जो जाईल तो आमचा. त्यात उजवं-डावं करणार नाही. परत आला तर मान, नाही आला तर त्याचं नाव या वेशीत राहील. वेसाई साक्ष आहे." शब्द असे होते. गावातल्या लहानथोरांनी ते ऐकले होते, म्हणून तर पुढचा संताप.

हैबतीला शिपाई व्हायचे होते. भरतीवाल्या साहेबाने त्याचे खांदे चाचपले आणि विचारले, कामधंदा काय करतोस? तो म्हणाला, पाणी भरतो. मग तिकडेही पाणीच भर, म्हणून साहेबाने बंदुकीऐवजी त्याच्या पाठीवर पाण्याची कातडी पखाल दिली. हैबती जरा हिरमुसला, पण गेला. जाताना आईच्या पाया पडला तेव्हा ती म्हणाली, "तहानल्याल्या मानसाला पानी देनं ह्ये बंदुकीपरीस हलकं न्हाई. सांडू नको म्हंजे झालं."

लढाई संपल्यावर गेलेल्यांपैकी बरेच परत आले. हैबती आला नाही. त्याची खबर घेऊन आला जिजाबा शेलार. तो हवालदार झाला होता, छातीवर बिल्ले होते. घरी जायच्या आधी तो ठकूबाईच्या दारात आला आणि उंबऱ्याबाहेरच बसला.

बसऱ्याच्या पलीकडे वाळवंटात त्यांची तुकडी अडकली होती. समोरून गोळ्या आणि डोक्यावर ऊन. नदी दिसत होती, पण तिथवर जायची कोणाची छाती नव्हती. हैबती पखाल घेऊन रांगत गेला आणि भरून आणली. सगळ्यांना पुरली नाही म्हणून पुन्हा गेला. त्या खेपेला परतताना त्याला गोळी लागली.

"मावशी, गोळी पखालीतनं आरपार त्याच्या कुशीत घुसली," जिजाबा म्हणाला. "भोक पखालीलाबी पडलं आन् त्यालाबी. हात एकच मोकळा हुता. त्यो त्यानं पखालीवर दाबून धरला. आमच्यापत्तुर आला, तवा पखाल भरल्याली हुती आन् त्यो रिकामा झाला हुता. त्या पान्यावर मी जगलो."

 ठकूबाईने विचारले, "सांडलं न्हाई नव्हं?"

"थेंब न्हाई, मावशी."

तेवढ्यावर ती उठली आणि जिजाबाला प्यायला पाणी दिले.

लवकरच इनामदार रावबहादूर झाले. वेशीत खांब उभा राहिला आणि त्यात पांढरीशुभ्र पाटी बसली. पाटी उघडायला खुद्द कलेक्टरसाहेब येणार होते. इनामदारांनी मुहूर्त काढला तो अक्षय्य तृतीयेचा. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, पंचांग बघायचे कारण नाही, असा त्यांचा हिशेब. पण त्या दिवशी घराघरात पितरांच्या नावाने पाण्याने भरलेली घागर ठेवतात, हे त्यांच्या ध्यानात राहिले नाही. ज्याच्या डोळ्यांपुढे किताब नाचत असतो, त्याला पितरांची तहान कुठून दिसणार?

पाटीवर अजून कापड पडायचे होते तेव्हाच ठकूबाई पाणी घेऊन वेशीतून चालली होती. पाथरवट अक्षरांत काळा रंग भरत होता. तिने त्याला वाचून दाखवायला सांगितले. त्याने शूर शिपाई वाचले, इनामदारांचे नाव वाचले आणि शेवटी आकडा वाचला. ती घागर डोक्यावर घेऊन तशीच उभी राहिली आणि एका हाताच्या बोटांवर गावातल्या आयांची नावे घेत गेली. कोणाकोणाचा लेक आला नाही, हे तिला पाटीपेक्षा पक्के ठाऊक होते. आकडा संपला आणि तिचे एक बोट उरले.

ती तडक वाड्यावर गेली. इनामदार झोपाळ्यावर बसले होते.

"सरकार, माजा हैबती पाटीत न्हाई."

इनामदारांनी पानाला चुना लावता लावता उत्तर दिले. "ठकू, ती पाटी शिपायांची आहे. तुझा मुलगा पाणक्या म्हणून गेला होता. सरकारात लढणारेच धरतात."

"तुमी बेलभंडारा उचलला हुता."

"ते खरं. पण वरून जो आकडा आला तो आम्ही कोरला. आता साहेब येणार, मंडप उभारायचा, त्यात तू हे कुठं काढतेस?"

"आखितीला मी त्येच्या नावानं घागर ठेवनार. कुठं ठेवू, येवढं तरी सांगा."

इनामदार हसले. असे सांगतात की ते हसणे ठकूबाई शेवटपर्यंत विसरली नाही. "घरात ठेव. नाहीतर परड्यात एखादा दगड मांड आणि शेंदूर लाव त्याला. आणि हो, त्या दिवशी पाणी जास्त लागेल. सगळ्या कोळणींना सांगून ठेव."

काय म्हणावे या माणसाला! जो मुलगा मोजायला नको, त्याच्याच आईने मेजवानीचे पाणी मात्र भरायचे. देवापुढे उचललेला भंडारा झटकून टाकला आणि वर त्याच हाताने विडा खाल्ला. वेशीतले म्हातारे या ठिकाणी पोचले की अजूनही थुंकतात.

ठकूबाई घरी आली. तिने घागरीतले पाणी तुळशीला घातले, घागर घासून लख्ख केली आणि दारासमोर पालथी घातली. तिकडे पालथी घागर म्हणजे घरात माणूस गेल्याची खूण. शेजारपाजारच्या कोळणी धावत आल्या. तिने झाले ते सांगितले आणि वेसाईची आण घेतली, "ज्या गावात पानी वाहनारा मानूस मोजत न्हाईत, त्या गावाला माज्या डोईवरनं पानी जायाचं न्हाई." त्या दिवशी कोळवाड्यात दारोदारी घागरी पालथ्या पडल्या.

इथवर ते कोळवाड्याचे गाऱ्हाणे होते. पण मग सगुणा जगदाळे आली. जगदाळ्यांची सून, घरंदाज बाई, एरवी डोक्यावरचा पदर ढळू न देणारी. तिचा मुलगाही लढाईत गेलेला आणि तो आकड्यात होता. तिने आपली घागर आणली आणि ठकूबाईच्या घागरीशेजारी पालथी घातली.

"तुजा तर मोजला हाय, वैनी," ठकूबाई म्हणाली.

"ठकू, तुजा मोजला न्हाई, माजा नुसता मोजला," सगुणा म्हणाली. "त्येचं नाव कुठं हाय त्या पाटीवर? नाव हाय ते इनामदाराचं. त्यो कुठल्या लढाईत मेला?"

हे बोलणे वाऱ्यासारखे गावभर झाले. ज्यांचे ज्यांचे लेक गेले होते, त्या सगळ्या आयांना एकदम उमगले की आपल्याही तोंडाला पाने पुसली आहेत.

अक्षय्य तृतीया उजाडली. मंडपाला तोरणे लागली, गुलाबदाण्या भरल्या, चुली पेटल्या, आणि पाणी आले नाही. इनामदारांनी कोळवाड्याकडे माणूस पाठवला, तो पालथ्या घागरी बघून परत आला. मग वाड्यावरचे गडी हंडे घेऊन घाटाकडे निघाले. घाटाच्या पायऱ्यापायऱ्यांवर बायका बसल्या होत्या, प्रत्येकीपुढे पालथी घागर. पालथी घागर ओलांडली की मेलेल्याची तहान अंगाला लागते, अशी तिकडची समजूत. गडी वरच्याच पायरीवर घुटमळले. एकाने धीर करून पाय उचलला, तर खालून त्याचीच आई म्हणाली, "टाक की पाय. टाक." त्याने हंडा खाली ठेवला आणि तिथेच बसला.

साहेब वेळेवर आले. वैशाखाचे ऊन चढत होते. परत आलेले शिपाई लोकरी कोट घालून, बिल्ले लावून रांगेत उभे केले होते आणि घामाने निथळत होते. गुलाबपाणी अंगावर उडत होते, प्यायला मात्र थेंब नव्हता. इनामदारांनी भाषण सुरू केले. शौर्य, राजनिष्ठा, कसब्याची परंपरा. बोलता बोलता त्यांच्या घशाला कोरड पडली, शब्द चिकटायला लागले. त्यांनी मागे वळून हळूच "पाणी" म्हटले. कोणी हलले नाही. त्यांनी जरा मोठ्याने म्हटले. मंडपात चुळबूळ झाली, साहेबांनीही ओठांवरून जीभ फिरवली. तिसऱ्यांदा तर रावबहादूर ओरडलेच, आणि आवाज फाटला.

तेव्हा घाटावरून ठकूबाई वर आली. डोक्यावर तांब्याची घागर, पाण्याने काठोकाठ भरलेली, हैबतीच्या नावाची. ती कोणाकडे न बघता मंडपाच्या मधून चालत खांबापाशी आली आणि उभी राहिली. इनामदारांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी हात पुढे केला.

"थांबा, सरकार," ठकूबाई म्हणाली. "पानी वाहनारा तुमच्या दगडात बसत न्हाई, मग त्येचं पानी तुमच्या घशात कसं बसंल?"

 साहेबांनी विचारले, ही बाई काय म्हणते? शेजारचे मामलेदार अदबीने वाकून म्हणाले, आपल्या आगमनाचा आनंद व्यक्त करते आहे, साहेब. खोटे बोलायची या लोकांची तयारी बघा! एका आईच्या काळजातून आलेला शब्द, आणि त्याचा यांनी हार करून साहेबाच्या गळ्यात घातला.

रांगेत उभ्या असलेल्या जिजाबा शेलाराला ते ऐकवले नाही. तो हुकमाशिवाय रांगेतून बाहेर पडला, ठकूबाईसमोर गुडघ्यावर बसला आणि त्याने ओंजळ धरली.

"मावशी, पानी वाढ. हैबती कोळी. नाव घिऊन मागतोय."

तिने घागर कलती केली. तो प्याला आणि उठून बाजूला झाला. त्याच्यामागून रांगेतला दुसरा आला. "हैबती कोळी," म्हणाला आणि ओंजळ धरली. मग तिसरा. जे वाळवंटात त्याचे पाणी प्याले होते तेही आले आणि ज्यांनी त्याला कधी पाहिले नव्हते तेही आले. मग सगुणाने आपल्या लेकाचे नाव घेऊन ओंजळ धरली, मग बाकीच्या आया आपापल्या लेकांची नावे घेऊन आल्या. पण प्रत्येकीने आधी हैबतीचे नाव घेतले. एवढे लोक प्याले, तरी घागर रिकामी झाली नाही म्हणे. ते खरे किती, हे वेसाईलाच ठाऊक. पण त्या दिवशी निरख्यात ज्याने नाव घेतले तो तहानलेला राहिला नाही.

साहेबांविषयी दोन हकीकती आहेत. कोणी सांगतात की तो घोड्यावर बसून तसाच निघून गेला. कोणी सांगतात की त्याने मोडक्यातोडक्या उच्चारात नाव घेतले आणि तो ओंजळभर पाणी प्याला. इनामदारांविषयी मात्र एकच हकीकत आहे. त्यांनी नाव घेतले नाही. दोन शब्द होते, घशापर्यंत आलेही असतील, पण रावबहादुरी आडवी आली. ते सुकलेल्या तोंडाने वाड्यात परतले आणि वाड्यातल्या घागरी तर रिकाम्या होत्या.

मंडप ओस पडल्यावर ठकूबाईने पदर खोचला. ओटीतून चिंचेचा गोळा आणि राखेची पुरचुंडी काढली. डागाळलेली घागर घासावी, तशी ती पाटीवरचा आकडा घासायला बसली. कचेरीतला शिरस्तेदार ओरडत आला तेव्हा जिजाबा आणि त्याचे सोबती तिच्याभोवती पाठमोरे उभे राहिले. बिल्ले लावलेल्या माणसांना हात लावायची कोणाची हिंमत झाली नाही. पहिल्या दिवशी फक्त काळा रंग गेला. इनामदारांनी तो पुन्हा भरून घेतला, ठकूबाईने पुन्हा घासला. खटला भरायचे घाटत होते म्हणे, पण बाईने दगड धुतला हा गुन्हा कुठल्या कलमात बसवायचा, ते कोणाला सापडेना. चिंचेने संगमरवर हळूहळू खाल्ला. दरवर्षी आकडा थोडा थोडा उथळ होत गेला.

पुष्कळ वर्षांनी, इनामदार गेल्यावर, त्यांचा मुलगा ठकूबाईकडे आला. ती तेव्हा थकली होती, डोळ्यांना कमी दिसत होते. तो नरम स्वभावाचा माणूस. म्हणाला, "आजी, वडिलांचं चुकलं. मी पाथरवट बोलावतो. आकडा पुन्हा कोरून घेऊ आणि त्यात एक वाढवू."

आजूबाजूच्या लोकांना वाटले, म्हातारी आता निवली. इतक्या वर्षांची धग, शेवटी न्याय मिळाला. पण ठकूबाई ताडकन उठून बसली.

"एक म्हंजे हैबती का रं?" ती म्हणाली. "त्येला नाव हुतं. मी ठेवल्यालं. तुमी एक कमी केला तवाबी त्येचं नाव घेतलं न्हाई, आन् आता एक वाढवूनबी घेनार न्हाई. जा, घरला जा. आमी घासतोय ते बरं हाय."

तो उठला. पण दारातून परत फिरला, ओंजळ पुढे केली आणि म्हणाला, "हैबती कोळी." असे सांगतात की ठकूबाईने त्याला स्वतःच्या हाताने पाणी दिले. त्यानंतरची अक्षय्य तृतीया तिने पाहिली नाही.

आता निरख्यात घरोघरी नळ आहेत, आणि पाणीही बहुतेक दिवस येते. पण आजही अक्षय्य तृतीयेला खांबापाशी घागर येते ती नदीवरून, घाट चढून, कोळणीच्या डोक्यावर. पुढारी हार घेऊन येतात, त्यांना हार बाजूला ठेवायला लावतात. आधी ओंजळ, आधी नाव, मग हार. मागे एक मोठे साहेब नाव न घेता आपल्या बाटलीतले पाणी प्याले आणि पाटीपुढे उभे राहून फोटो काढून घ्यायला लागले. बायकांनी त्यांना काही म्हटले नाही. नुसत्या घागरी पालथ्या घातल्या. साहेब गाडीत जाऊन बसले. नगरपालिका म्हणते, नवी चकचकीत पाटी बसवू, आकडा दुरुस्त करून आणू. त्यांना एकदा चिंच घासायला बसवले पाहिजे.

सगळ्यांचे पिऊन झाले की बायका पदर खोचतात आणि पाटी घासतात. आकडा केव्हाच गेला आहे, तरी घासतात. हे सगळे ऐकून झाल्यावरही एखादा पाहुणा जाता जाता विचारतोच, "पण आजोबा, नक्की किती जण मेले होते हो?"

या प्रश्नाला निरख्यात आजही कोणी आकडा सांगत नाही. म्हातारे तांब्या उचलतात आणि म्हणतात, "ओंजळ करा. पहिला हैबती."